आधी बेल्ट द्या, मग गीता सांगा

ज्याच्या सहीवर दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो, त्याने त्या दुसऱ्याला निष्काम कर्माचा उपदेश करू नये. हा अधिकार त्याला गीतेने दिलेला नाही, परंपरेने दिलेला नाही आणि साध्या माणुसकीने तर मुळीच नाही. भिलाईत मात्र हा उपदेश वर्षानुवर्षं बिनदिक्कत चालू आहे, आणि त्याला टाळ्या वाजवणाऱ्यांत आपली मराठी मंडळी पुढच्या रांगेत बसलेली असतात. मी याच गावात वाढले, इथल्याच शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले. गीता माझ्या रोजच्या वाचनातली आहे. म्हणूनच तिचा हा वापर मला सहन होत नाही.

दर वर्षी १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा येते. या गावाचा हा फार मोठा सण. नंदिनी रोडपासून हथखोजपर्यंत लहानमोठ्या कारखान्यांत लेथ, क्रेन, वेल्डिंगची यंत्रं धुऊनपुसून त्यांना हार घालतात, शेडमध्ये मांडव घालतात, बायकापोरांना बोलावतात. इथपर्यंत सगळं सुंदर आहे. ज्या यंत्रावर पोट चालतं त्याला नमस्कार करणारा माणूस मला आवडतो. पण पूजा आटोपली की कुणीतरी माइक हातात घेतो आणि दुसऱ्या अध्यायाचा सत्तेचाळिसावा श्लोक सुरू होतो. खुर्च्यांवर मालक आणि त्यांचे पाहुणे, खाली सतरंजीवर ठेका मजूर. अर्थ असा सांगितला जातो: काम करत राहा, फळाकडे पाहू नका. पुढे न बोलताच कळतं की ओव्हरटाइमचा हिशोब मागणारा तो फळाला चिकटलेला, बोनसचं नाव काढणारा तो मोहात पडलेला, आणि हाजिरीचं कार्ड मागणारा तर अधर्मीच.

हा अर्थ धादांत खोटा आहे. त्या श्लोकात एक नव्हे, चार गोष्टी सांगितल्या आहेत. कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, फळाच्या हेतूने कर्म करणारा होऊ नकोस, आणि कर्म न करण्याचीही ओढ धरू नकोस. ही चौथी गोष्ट मी माइकवरून आजवर ऐकलेली नाही. कारण ती सतरंजीवरच्या माणसाला लागूच पडत नाही. तो काम न करता राहील कसा? रोजी बुडाली तर संध्याकाळी चूल पेटत नाही. ती खुर्चीवरच्या माणसाला लागते. जाळी बसवायची होती, बसवली नाही. गॅस तपासायचा होता, तपासला नाही. दोर आणि बेल्ट आणायचे होते, ते पुढच्या तिमाहीवर ढकलले. ही कर्म न करण्याची ओढ आहे, आणि गीतेने तिला त्याच श्लोकात, त्याच दमात मनाई केली आहे.

आणि मजुरी हे फळ नव्हे. मजुरी हे देणं आहे. घाम गाळून झालेला असतो, माल गेटबाहेर गेलेला असतो, बिल वसूल झालेलं असतं. त्यानंतर जे बाकी राहतं त्याला ऋण म्हणतात. दुसऱ्यांकडून मिळालेलं त्यांना परत न देता जो एकटा भोगतो, त्याच्यासाठी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर हाच शब्द आला आहे. तो श्लोकही विश्वकर्मा पूजेला वाचून दाखवा. मी स्वतः येऊन अन्वय लावून देईन.

मराठी माणसाने या बाबतीत गप्प बसणं मला अधिक खुपतं, त्याला कारण आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं आणि १९१५ साली ते छापून निघालं. त्याचा हिंदी अनुवाद कुणी केला? माधवराव सप्रे यांनी. त्यांनीच १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केलं, आणि त्यांचं अखेरचं आयुष्य रायपुरात गेलं. म्हणजे गीता हा संसार सोडून जाण्याचा ग्रंथ नसून संसारात उभं राहून लढण्याचा ग्रंथ आहे, हे टिळकांचं म्हणणं हिंदी वाचकांपर्यंत पोचवलं ते एका मराठी माणसाने, आणि तोही याच मुलखातला. टिळकांचा सगळा भर लोकसंग्रहावर आहे. जाणत्याने लोकांना धरून, लोकांच्या कल्याणासाठी कर्म करावं, हे त्यांनी शेकडो पानं खर्चून मांडलं. राजद्रोहाची शिक्षा भोगत असताना मांडलं. त्या टिळकांचा फोटो आपल्या मंडळाच्या सभागृहात आहे, गणेशोत्सवात त्याला हारही पडतो. आणि त्याच सभागृहात, त्याच फोटोखाली, ‘कर्मयोग आणि उत्पादकता’ असल्या विषयावर व्याख्यान होतं. त्यात मजूर हा शब्द येतो तो फक्त गैरहजेरीच्या संदर्भात.

आता अपघातांबद्दल. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून या पोलादाने देशाला रूळ दिले, आणि आमच्यासारख्या हजारो घरांना अन्न दिलं. माझे वडील विदर्भातून इथे आले ते याच कारखान्यासाठी. त्याबद्दल मनात कृतज्ञता आहे आणि ती राहील. पण याच कारखान्यात १२ जून २०१४ रोजी झोतभट्टीचा वायू पाण्याच्या यंत्रणेतून उलटा पंप हाऊसमध्ये शिरला आणि सहा माणसं गेली. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि समोरचा माणूस कुठल्या हुद्द्याचा आहे हे त्याला कळत नाही. त्यानंतर ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या भागात गॅसवाहिनीवर ठरलेलं देखभालीचं काम चालू असताना स्फोट होऊन आग लागली. त्या दिवशी नऊ जण गेले, पुढे हा आकडा चौदावर पोचला. आग लागली तर विझवायला म्हणून जे अग्निशमनचे जवान तिथे उभे केले होते, तेही त्यात जळाले. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पदावरून हटवलं गेलं, दोन अधिकारी निलंबित झाले.

त्या आठवड्यात गावात मी जे ऐकलं, त्यामुळे हा लेख लिहिते आहे असं म्हटलं तरी चालेल. ‘प्रारब्ध’ हा शब्द सेक्टरमधल्या शिकल्यासवरल्या घरांतून इतक्या सहज ऐकू येत होता की मी दोन ठिकाणांहून उठून आले. ज्याची वेळ भरली तो गेला, म्हणे. त्याच पाळीतला एक जण चहा प्यायला बाहेर गेला आणि वाचला, पाहा दैवाची लीला! लोक हे हळहळून बोलत होते, दुष्टपणाने बोलत नव्हते. पण हळहळीत गुंडाळून बोललं म्हणून खोटं ते खरं होत नाही.

दैवाचं स्थान काय, हे गीतेने मोजून सांगितलं आहे. अठरावा अध्याय उघडा. कुठलंही कर्म घडतं त्याला कारणं पाच. अधिष्ठान, म्हणजे ज्या जागी, ज्या आधारावर ते घडतं ते. कर्ता. करण, म्हणजे निरनिराळी साधनं. चेष्टा, म्हणजे वेगवेगळ्या हालचाली, प्रयत्न. आणि पाचवं दैव. क्रम नीट पाहा. आधीची चार तपासून झाल्यावर पाचव्याकडे यायचं आहे. अधिष्ठान म्हणजे ती गॅसवाहिनी: तिची जाडी किती उरली आहे, शेवटची तपासणी कधी झाली, झडप पूर्ण बसते का. कर्ता म्हणजे परमिटवर सही करणारा, काम सांगणारा आणि प्रत्यक्ष हात लावणारा, हे तिघेही. करण म्हणजे छातीवरचा गॅस मॉनिटर, श्वसनाचा संच, ठिणगी न पाडणारी अवजारं. चेष्टा म्हणजे शटडाउन घेतला का, वाहिनीतला गॅस काढून टाकला का, वाऱ्याची दिशा पाहिली का, आसपासचं वेल्डिंग थांबवलं का. या चारही रकान्यांत काय भरायचं ते कळल्यावर जे उरेल त्याला खुशाल दैव म्हणा. भिलाईत आपण मोजणी पाचव्यापासून सुरू करतो आणि तिथेच संपवतो.

याच अध्यायात तामस कर्माची व्याख्या आहे. पुढे काय होईल याचा, किती नुकसान होईल याचा, कुणाला इजा होईल का याचा आणि आपली ताकद किती याचा विचार न करता, मोहाने जे काम सुरू केलं जातं ते तामस. कुठल्याही कारखान्याच्या सुरक्षा नियमावलीतलं हे पहिलं पान म्हणून छापता येईल. उत्पादनाचं लक्ष्य गाठायचं म्हणून लाइन चालू ठेवून दुरुस्ती करायला लावणारा अधिकारी रोज पहाटे ध्यानाला बसत असेल, एकादशी पाळत असेल, चारधाम करून आला असेल. गीतेच्या हिशोबात त्याचं ते कर्म तामसच राहतं.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचं छत्तिसावं कलम मला एका जुन्या विद्यार्थ्याने वाचायला दिलं. विषारी वायू असू शकेल अशा टाकीत किंवा नळात माणसाला उतरवायचं असेल तर आधी जाणकाराने तपासून लेखी दाखला द्यावा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनाचं साधन आणि दोर बांधलेला बेल्ट असावा, आणि त्या दोराचं मोकळं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावं. सरकारी कायद्याची भाषा एवढी हृदयाला भिडेल असं मला वाटलं नव्हतं. दोराचं टोक बाहेरच्याच्या हातात! लोकसंग्रहाचा याहून नेमका अर्थ मला कुठल्या भाष्यात सापडलेला नाही.

खुर्सीपारमधल्या एका घराची हकिकत सांगते. नावं सांगणार नाही, कारखान्याचंही नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील शेडच्या छपरावर पत्रे बदलायला चढले होते. पत्रा फुटला, ते खाली काँक्रीटवर पडले आणि दवाखान्यात पोचण्याआधीच गेले. मी गेले तेव्हा एका खोलीच्या त्या घरात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. कोपऱ्यात एका प्लास्टिकच्या पिशवीत त्यांच्या वस्तू परत आल्या होत्या: स्टीलचा डबा, त्यात सकाळचा भात तसाच, एक चप्पल, गेटपास. गेटपासवर ठेकेदाराचं नाव मोठं होतं आणि माणसाचं लहान. थोड्या वेळाने कारखान्यातून दोघे आले. एकाने पाकीट पुढे केलं. दुसरा कपाळाला गंध लावलेला, वयस्कर, गोड बोलणारा होता. आत्मा मरत नाही, शरीर हे वस्त्र आहे, श्वास मोजूनच मिळालेले असतात, असं तो सांगत राहिला. आजी मान हलवत म्हणाली, ‘करम म लिखे रहिस.’ मुलगी दहावीत होती. तिने त्या माणसाकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, “मॅडम, बेल्ट दिला नव्हता. तेपण लिहिलेलं होतं का?”

आजीच्या तोंडचं ते वाक्य आणि त्या माणसाच्या तोंडचा आत्मा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आजीने स्वतःच्या दुःखाला टेकण दिलं. तो तिचा हक्क आहे, त्यावर मी एक शब्दही बोलणार नाही. त्या माणसाने स्वतःवरचं उत्तरदायित्व झटकलं, आणि झटकताना श्रीकृष्णाचं नाव घेतलं. अर्जुनाला आत्म्याचं अमरत्व सांगितलं ते रणाच्या मधोमध, सारथी म्हणून रथावर बसून, स्वतःचा जीव त्याच बाणांच्या टप्प्यात ठेवून. छपराखाली उभं राहून वरच्याला ते सांगितलेलं नाही.

प्रारब्धावर ज्यांची खरी श्रद्धा आहे त्यांच्याशी मला वेगळं बोलायचं आहे, कारण ती श्रद्धा माझीही आहे. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग आपण मानतो. प्रारब्ध म्हणजे जे सुटून गेलं ते. माणसाचं कर्तव्य जिथे लागू होतं तो भाग क्रियमाण, म्हणजे जे आत्ता हातात आहे ते. योगवासिष्ठ तर याहून पुढे जातं. दैव म्हणजे आपलाच जुना प्रयत्न, आणि आजचा जोरकस प्रयत्न त्याला हरवतो, असं ते सांगतं. रामदासांनी प्रयत्नालाच देवाच्या जागी बसवलं, आणि त्यांचा दासबोधही सप्र्यांनीच हिंदीत नेला. मग ही सगळी परंपरा बाजूला सारून आपण मेलेल्याच्या मागच्या जन्माचीच चौकशी का करतो? कर्माचा सिद्धांत खरा असेल तर न तपासता केलेल्या सहीचंही फळ पिकणार आहे. त्या फळाची चर्चा मी कुठल्याच सत्संगात ऐकलेली नाही.

या मुलखात कर्मयोग कुठे पाहायचा असेल तर दल्ली-राजहऱ्याला जा. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या या खाणी. १९७७ च्या जूनमध्ये तिथल्या ठेका मजुरांवर गोळीबार झाला, अकरा जण मारले गेले. दोन वर्षांनी त्या मजुरांच्या संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात, वेळेवर नीट उपचार न मिळाल्याने गेल्या. हे आमच्या कपाळीच होतं असं म्हणून ते मजूर घरी बसले असते तर त्यांना कुणी दोष दिला नसता. त्यांनी वर्गणी काढली, स्वतःच्या हातांनी विटा रचल्या आणि १९८३ साली शहीद हॉस्पिटल उभं केलं. खाणीत हाताने दगड फोडणाऱ्यांनी! त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी एके काळी भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये काम करत होते. त्यांनी दारूबंदीची चळवळ चालवली आणि संघर्षाच्या जोडीला निर्माण हवंच असा धोशा लावला. पुढे ते भिलाईतल्या खासगी कारखान्यांच्या ठेका मजुरांसाठी उभे राहिले. मागणी काय, तर कायम चालणाऱ्या कामाला कायमची नोकरी आणि जगता येईल एवढी मजुरी. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घरात झोपेत त्यांना गोळी घातली गेली. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९२ रोजी, पॉवर हाऊस स्टेशनच्या रुळांवर बसलेल्या त्यांच्या मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, डझनाहून अधिक माणसं तिथेच पडली. खटला वर्षानुवर्षं चालला. उद्योगपती आरोपी सुटले. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गोळी घालणाऱ्या एकाला जन्मठेप दिली.

नियोगी डाव्या विचाराचे होते, गीतेचे प्रवचनकार नव्हते. पण फळ स्वतःला मिळणार नाही हे माहीत असून कर्तव्य न सोडणारा माणूस या गावाने डोळ्यांनी पाहिला तो त्यांच्यात. आणि त्याच गावात त्यांचं नाव मराठी मंडळांच्या व्याख्यानमालेत घ्यायला लोक कचरतात.

स्वधर्माचंही असंच. स्वधर्म म्हणजे जन्माने मिळालेलं काम, असा अर्थ अजून सांगितला जातो. गटारात उतरणाऱ्यांत, कोळशाच्या धुरात उभ्या राहणाऱ्या ठेका मजुरांत कुठल्या जातीची माणसं आहेत ते डोळे उघडे ठेवून पाहिलं तर त्या अर्थाचा फायदा कुणाला होतो ते कळतं. गीतेने चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार दिला, हा बाबासाहेबांचा आरोप आहे. माझ्यासारख्या गीताभक्ताने तो टाळू नये. श्लोक पाठ म्हणून त्याला उत्तर मिळत नाही. उत्तर मिळेल ते वागण्यातून, आणि ते अजून बाकी आहे. गनियारीच्या तीजनबाईंकडे पाहा. भिलाईच्या पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली, याचा मला अभिमान आहे. पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा, गाणाऱ्या बायका बसून गात, उभं राहून गाण्याची कापालिक शैली पुरुषांची. तीजनबाई तंबुरा घेऊन उभ्या राहिल्या. समाजाने वाळीत टाकलं, घर सुटलं, त्या गातच राहिल्या, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. जन्माने नेमून दिलेल्या धर्माला चिकटल्या असत्या तर महाभारताचा तो आवाज आपल्याला ऐकायला मिळाला नसता. आणि त्यांच्या महाभारतातला भीम द्रौपदीचा अपमान विसरत नाही, हेही लक्षात ठेवा. छत्तीसगढच्या गरिबाने महाभारतातून जे घेतलं त्यात न्यायाची मागणी आहे.

काही साधक मला म्हणतात, ताई, तुम्ही अध्यात्माला युनियनच्या पातळीवर आणता, साधना ही आतली गोष्ट आहे. आतली आहेच. पण गॅस विभागात काम केलेला माझा एक विद्यार्थी आहे, त्याची पाळीची तयारी मी त्याच्या तोंडून सविस्तर ऐकली आहे. मॉनिटर चालू करून आधी मोकळ्या हवेत शून्यावर येतो का ते पाहायचं. वाऱ्याची दिशा पाहायची. जोडीदाराशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. कालच तपासलेली झडप आज परत तपासायची. परमिटवरची वेळ स्वतः वाचायची, दुसऱ्याने वाचली म्हणून सोडायची नाही. हे रोज, कंटाळा न करता, कुणी पाहत नसताना. गीतेने योग समजावताना कर्मातल्या कौशल्याचं नाव घेतलं आहे. आसनावर बसून मिटलेल्या डोळ्यांनी जे साधायचं ते हा मुलगा उघड्या डोळ्यांनी साधतो, आणि त्याच्या साधनेवर चार घरं जगतात.

गीता जयंतीसाठी मी आमच्या मंडळाला लेखी सूचना दिली आहे. मुलांच्या पाठांतराला दर वर्षीचा पंधरावा अध्याय राहू द्या, मोठ्यांसाठी अठरावा ठेवा, अर्थासकट. आणि व्याख्यानाला बाहेरून प्रवचनकार न बोलावता या मुलाला बोलवा. कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी विचारलं की त्याला अध्यात्मातलं काय कळतं. मी त्यांना तेरा ते सोळा हे चार श्लोक काढून दिले आहेत, छत्तिसाव्या कलमाच्या प्रतीसह. पुढची बैठक रविवारी आहे. मी जाणार आहे.